संख्याशास्त्राचा पहिला पेपर: सूत्रं पाठ करून सुटेल का?

विचारणारीचा प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला शिकते, विषय मानसशास्त्र, दहावीनंतर गणित सोडलं. स्टॅटिस्टिक्सचा पेपर सक्तीचा आहे. मीन, मीडियन, स्टँडर्ड डेव्हिएशन इथपर्यंतची गणितं सुटतात, पण हायपोथेसिस टेस्टिंग (थोड्या आकड्यांवरून एखादा दावा तपासणं) सुरू झाल्यापासून वर्गात काही डोक्यात शिरत नाही. इंटर्नलला तीसपैकी अकरा मिळाले. आता सगळी सूत्रं पाठ करू, रावपुऱ्यात क्लास लावू, की या वेळी पेपर सोडून देऊ? आणि शेवटी एक वाक्य, ‘माझं गणितच कच्चं आहे.’

मी बडोद्यातच बरीच वर्षं हा विषय शिकवला, तोही बहुतेक करून गणित नको म्हणून दुसरीकडे गेलेल्या मुलामुलींना. वयाने तुझ्या आईपेक्षा मोठीच असेन, म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

आधी ते शेवटचं वाक्य खोडून टाक. गणित कच्चं असतं तर तू स्टँडर्ड डेव्हिएशनलाच अडली असतीस. तिथे वजाबाकी, वर्ग, बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ असं सगळं करावं लागतं. टी-टेस्टमध्ये याहून वेगळं काहीच करायचं नसतं, एखादा भागाकार जास्त. म्हणजे आकडेमोड तीच आहे आणि तरी तू अडलीस. मग मधे बदललं काय?

बदलला तो प्रश्न. पहिल्या दोन युनिटांत हातात आलेले आकडे म्हणजेच सगळं असतं. चाळीस मुलांचे मार्क दिले, त्यांची सरासरी काढ, पसारा किती ते सांग, झालं. पुढच्या युनिटात तेच चाळीस आकडे अचानक कुठल्यातरी मोठ्या समूहातून उचललेली एक मूठ होतात, आणि पुस्तक विचारायला लागतं: हीच मूठ पुन्हा भरली असती तर काय आलं असतं? आकडे समोर नाहीतच, आणि त्यांच्याबद्दल बोलायचं. हा उंबरठा पुस्तकांत ‘सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन’ या नावाखाली एक-दोन पानांत उरकतात, वर्गात एका तासात. त्यानंतरचं जवळजवळ सगळं, स्टँडर्ड एरर, कॉन्फिडन्स इंटरव्हल, झेड, टी, काय-स्क्वेअर, त्याच एका तासावर उभं असतं. तो तास निसटला की पुढे नुसती सूत्रं उरतात. तुझी अडचण इथे आहे असं मला तुझ्या प्रश्नावरून वाटतं.

खात्रीने सांगता येत नाही, कारण तुझा अभ्यासक्रम मी पाहिलेला नाही. परीक्षेत गणितं हाताने सोडवायची आहेत की कॉम्प्युटरवरचं उत्तर देऊन ‘अर्थ सांगा’ असं विचारतात, सूत्रांचा कागद मिळतो की नाही, अकरा मार्क पडले ते कोणत्या प्रश्नांत, यावर तयारी बदलते. पण वर म्हटलेली गोष्ट समजून घेणं कुठल्याही प्रकारच्या पेपरला लागतंच, म्हणून तिथून सुरुवात करू.

घरात लूडोचा फासा असेल. तो घे. एक फासा टाकला तर एक ते सहापैकी काहीही येतं, सगळ्यांना सारखी संधी. खूपदा टाकला तर सरासरी साडेतीनच्या आसपास जाते, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १.७१ येतं. हे दोन आकडे तू स्वतः काढून बघ, एक ते सहा हे सहाच आकडे घेऊन. इथे सहाने भागायचं, कारण हे सहा म्हणजे सगळं पॉप्युलेशन आहे, त्यातली मूठ नव्हे. हे तुला येतंच.

आता फासा चार वेळा टाक आणि त्या चारांची सरासरी वहीत लिही. पुन्हा चार वेळा, पुन्हा सरासरी. पानभर लिही. कंटाळा येईल, धाकट्या भावंडाला कामाला लाव, पण कर. पान भरल्यावर बघ: एक किंवा दोन हे आकडे सुट्या फाशावर सारखे येत होते, तीनातून एकदा. चारांची सरासरी मात्र दोन किंवा त्याहून कमी क्वचितच आलेली दिसेल. का, ते मोजताही येतं. चार फासे पडण्याचे एकूण प्रकार ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १२९६. त्यांतले बेरीज आठ किंवा कमी येणारे फक्त ७०. म्हणजे शंभरात साडेपाचच्याही आत. एक पडणं सोपं आहे, पण चारही वेळा खालचेच आकडे पडणं अवघड. एखादा मोठा आकडा मधे येतो आणि सरासरीला वर ओढून नेतो.

तुझ्या वहीतलं ते सरासऱ्यांचं पान म्हणजे सॅम्पलिंग डिस्ट्रिब्यूशन. दुसरं काही नाही. त्या पानावरच्या सरासऱ्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढलंस तर ०.८५ च्या जवळपास येईल, म्हणजे १.७१ च्या निम्मं. चारऐवजी सोळा-सोळा वेळा टाकलंस तर ०.४३ च्या जवळ, म्हणजे चौथा हिस्सा. चारचं वर्गमूळ दोन, सोळाचं चार. स्टँडर्ड एररच्या सूत्रात खाली वर्गमूळ का येतं, ते इथे डोळ्यांनी दिसतं. यातून एक व्यवहारी गोष्टही निघते, जी परीक्षेत हमखास विचारतात: चूक निम्मी करायची असेल तर नमुना दुप्पट करून भागत नाही, चौपट करावा लागतो.

स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर यांत मुलं सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा थांबते. पहिला आकडा सांगतो की एकेक फासा, एकेक माणूस, एकेकाचे मार्क किती इकडेतिकडे असतात. दुसरा सांगतो की सरासरी किती इकडेतिकडे होते, पुन्हापुन्हा नमुना घेतला तर. नमुना मोठा केला म्हणून माणसामाणसांतला फरक कमी होत नाही, तो आहे तेवढाच राहतो. कमी होतं ते सरासरीचं हेलकावणं. उत्तरपत्रिकेत ही दोन वाक्यं नीट लिहिलीस तरी तपासणाऱ्याला कळतं की ही मुलगी समजून लिहिते आहे.

आता पी-व्हॅल्यू. समज, तुझ्या भावाने कुठूनतरी एक फासा आणला आणि तुला शंका आहे की तो खालचे आकडे जास्त पाडतो. तू चार वेळा टाकलास, बेरीज आली सात. म्हणजे सरासरी १.७५. फासा खोटा आहे का?

थेट उत्तर नाहीच. आपण उलट्या बाजूने जातो. धरून चालू की फासा सरळ आहे. हीच नल हायपोथेसिस, ‘काही वेगळं नाही’ असं म्हणणारी. मग विचारू की सरळ फाशाने सात किंवा त्याहूनही कमी बेरीज किती वेळा येईल? मोजू. बेरीज चार येण्याचा एकच प्रकार, पाच येण्याचे चार, सहाचे दहा, सातचे वीस. एकूण ३५. ३५ भागिले १२९६ म्हणजे ०.०२७. ही झाली पी-व्हॅल्यू. सरळ फाशालाही इतकं वाईट किंवा याहून वाईट दान शंभरातून तीनेक वेळा पडेल. आता तू ठरव, हे नशिबावर ढकलायचं की फाशावर.

ठरवण्याची रेघ पाच टक्क्यांवर ओढायची प्रथा आहे. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ साली विसातून एकदा ही मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. त्यात निसर्गाचा कुठलाही नियम नाही. आपल्या फाशातच बघ. मी ‘खालचे आकडे जास्त पाडतो का’ असं विचारलं म्हणून फक्त खालची बाजू मोजली आणि ०.०२७ आलं, पाच टक्क्यांच्या आत. पण आधी तशी काही शंका नसती आणि प्रश्न नुसता ‘फासा बरोबर आहे का’ एवढाच असता तर वरचं टोकही मोजावं लागलं असतं. बेरीज एकवीस किंवा जास्त येण्याचेही ३५ प्रकार. दोन्ही मिळून ७०, म्हणजे ०.०५४, पाच टक्क्यांच्या बाहेर! फासा तोच, दान तेच, निकाल उलटा. वन-टेल्ड की टू-टेल्ड हे दान पाहण्याआधी ठरवायचं असतं ते यामुळे. दान पाहून बाजू निवडणं म्हणजे लबाडी, आणि ती मोठमोठ्या शोधनिबंधांतही होते. परीक्षेत मात्र प्रश्नाची भाषाच बाजू सांगते: ‘वाढले का’, ‘कमी झाले का’ म्हटलं की एक बाजू, ‘फरक आहे का’ म्हटलं की दोन्ही.

पी-व्हॅल्यू ०.०२७ म्हणजे ‘फासा सरळ असण्याची शक्यता २.७ टक्के’ असं लिहू नकोस. ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे, आणि छापील गाइडांतही दिसते. फासा सरळ आहे हे आपण धरूनच चाललो होतो, मग त्याच हिशेबातून त्याची शक्यता कशी निघेल? तो आकडा दानाबद्दल बोलतो, फाशाबद्दल नाही. तसंच पी-व्हॅल्यू मोठी आली तर ‘फासा सरळ आहे हे सिद्ध झालं’ असंही नाही. फेटाळण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढंच. चार वेळा टाकून काय सिद्ध होणार?

कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरी सरासरी ज्यात सापडावी असा पट्टा, याच वहीतून निघतो, त्यावर फार वेळ घालवत नाही. वर्गातल्या प्रत्येकीने सोळा वेळा फासा टाकला, आपापली सरासरी काढली आणि तिच्या दोन्ही बाजूंना ०.४३ ची साधारण दुप्पट मोकळी सोडली, तर शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणींच्या पट्ट्यात साडेतीन सापडेल. राहिलेल्या पाचजणींनी चूक काही केलेली नसते, त्यांचं दान तसं पडलेलं असतं. ‘९५ टक्के’ हे या रीतीचं यश आहे. हातातल्या एका पट्ट्यात खरं उत्तर एकतर आहे किंवा नाही.

इथवर आलीस की सूत्रांची पाठांतरं निम्मी होतात, कारण झेड असो की टी, सगळ्यांची घडण एकच आहे: मिळालेला फरक भागिले तो फरक नुसत्या नशिबाने किती हेलकावतो ते. वर फरक, खाली स्टँडर्ड एरर. प्रत्येक टेस्टमध्ये फक्त खालचा भाग बदलतो. पॉप्युलेशनचं डेव्हिएशन माहीत असेल तर झेड. माहीत नसेल, नमुन्यावरूनच अंदाज केला असेल, तर त्या अंदाजातही चूक असते, म्हणून टेबल जरा सैल लागतं, ते टी. हे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली मांडलं. ते डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होते, नमुने अगदी थोडे असायचे, आणि स्वतःच्या नावाने छापायची सोय नव्हती म्हणून ‘स्टुडंट’ या नावाने लिहिलं. तुझ्या पुस्तकातल्या ‘स्टुडंट्स टी’मधला स्टुडंट तो हा.

मग अवघड काय उरतं? कोणती टेस्ट कधी लावायची. माझ्या अनुभवात मार्क इथे जातात, आकडेमोडीत नाही. मानसशास्त्राच्या पेपरात तर सगळ्यात घातक जागा एकच: तीच माणसं दोनदा मोजली आहेत की दोन वेगळे गट आहेत.

हे उदाहरण सोडवून बघ. आकडे मी बनवलेले आहेत. पाच मुलांना शब्दांची यादी दाखवली, किती आठवले ते मोजलं: ८, १०, ७, १२, ९. मग लक्षात ठेवायची एक युक्ती शिकवली आणि त्याच मुलांना त्याच क्रमाने दुसरी यादी दिली: १०, ११, १०, १३, ११. सरासरी ९.२ वरून ११ झाली, फरक १.८.

समज तू चुकून हे दोन वेगळे गट धरलेस. पहिल्या गटाच्या विचलनांच्या (आकडा वजा सरासरी) वर्गांची बेरीज १४.८, दुसऱ्याची ६. एकत्र २०.८, भागिले ८ म्हणजे २.६. त्यावरून फरकाचा स्टँडर्ड एरर १.०२. टी आला १.७६. आठ डिग्री ऑफ फ्रीडमला (मोकळ्या आकड्यांची संख्या, वर भागायला घेतला तोच आठ; का ते खाली येतं) टेबलात २.३०६ लागतो. निकाल: युक्तीचा परिणाम दिसत नाही.

आता बरोबर रीत. मुलं तीच आहेत, म्हणून प्रत्येकाचा स्वतःचा फरक घे: २, १, ३, १, २. सरासरी १.८, तीच. पण या पाच आकड्यांचा पसारा बघ, किती कमी आहे. विचलनांच्या वर्गांची बेरीज २.८, भागिले ४ म्हणजे ०.७, वर्गमूळ ०.८४, स्टँडर्ड एरर ०.३७. टी ४.८१. चार डिग्रीला टेबलात २.७७६. निकाल: परिणाम आहे, आणि ठळक आहे.

आकडे तेच, निष्कर्ष उलटा. का, ते नीट बघ. पहिल्या रीतीत खाली कोण बसलं होतं? मुलामुलांमधला मूळचा फरक. एकाला बारा आठवतात, एकाला सातच, आणि त्या गर्दीत १.८ ची वाढ दिसेनाशी झाली. दुसऱ्या रीतीत प्रत्येक मूल स्वतःशीच ताडून पाहिलं, त्यामुळे तो मूळचा फरक हिशेबातून निघून गेला. मानसशास्त्राचे इतके प्रयोग ‘आधी आणि नंतर’ अशा पद्धतीने का आखतात, याचं मोठं कारण हे. फुकट मात्र मिळत नाही: दुसऱ्यांदा नुसत्या सरावानेही शब्द जास्त आठवतात, तो भाग युक्तीच्या खात्यात जमा होतो. त्याचा बंदोबस्त प्रयोग आखताना करायचा असतो, टी-टेस्ट तो करत नाही.

तेव्हा जुने पेपर घे आणि गणितं सोडवूच नकोस. प्रत्येक प्रश्न वाचून समोर फक्त टेस्टचं नाव लिही. मोजमाप आकड्यांत आहे की ‘हो-नाही’, ‘मुलगा-मुलगी’ अशा गटांत? गटांत असेल तर काय-स्क्वेअर, आणि तिथे टक्के घालायचे नाहीत, मूळ संख्याच घालायच्या. आकड्यांत असेल तर गट किती, आणि माणसं तीच की वेगळी? दोनांहून जास्त गट असले तर अनोव्हा, तुझ्या अभ्यासक्रमात असेल तर. पन्नासेक प्रश्नांसमोर अशी नावं लिहून झाली की परीक्षेची निम्मी धास्ती जाते, आणि यात कॅल्क्युलेटर हातातसुद्धा घ्यावा लागत नाही.

‘एन वजा एक’ने का भागायचं, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण पुढे अडवेल. २, ४, ६ हे तीन आकडे घे. सरासरी ४, विचलनं उणे २, शून्य, अधिक २. विचलनांची बेरीज नेहमी शून्य होते, म्हणून पहिली दोन कळली की तिसरं आपोआप ठरतं. मोकळी अशी दोनच. शिवाय नमुन्यातले आकडे स्वतःच्याच सरासरीला जरा जास्त चिकटून असतात, खऱ्या सरासरीला तितके नसतात, म्हणून ‘एन’ने भागलं तर पसारा खऱ्याहून कमी येतो. वर्गांची बेरीज ८ आहे. तीनने भागून वर्गमूळ काढलं तर १.६३, दोनने भागलं तर २.

हे तीन आकडे कॅल्क्युलेटर तपासायलाही वापर. बऱ्याच सायंटिफिक कॅल्क्युलेटरांवर दोन्ही उत्तरं असतात: जुन्या मॉडेलांत सिग्मा एन आणि सिग्मा एन वजा एक, नव्यांत सिग्मा एक्स आणि एस एक्स. २, ४, ६ भरून बघ, जी कळ २ देते ती नमुन्यासाठी. एक्सेलमध्ये ‘एसटीडीईव्ही’पुढे टिंब देऊन ‘एस’ लिहिलं की २ येतं, ‘पी’ लिहिलं की १.६३. वर्षभर चुकीची कळ दाबत बसलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.

टेबलाचीही तीच कथा. नॉर्मलचं टेबल दोन तऱ्हांनी छापतात. एकात मधल्या रेघेपासूनचं क्षेत्रफळ असतं, १.९६ समोर ०.४७५० दिसेल. दुसऱ्यात डाव्या टोकापासूनचं, तिथे १.९६ समोर ०.९७५० दिसेल. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत पहिलं आहे, यूट्यूबवर बहुतेक दुसरं वापरतात. व्हिडिओ पाहून शिकलीस आणि परीक्षेत दुसरं टेबल हातात आलं तर टेबलातून वाचलेलं क्षेत्रफळ नेमकं ०.५ ने चुकेल. टेबल हातात आलं की आधी १.९६ शोधायचं, मग बाकीचं.

एक गोष्ट मात्र कुठलीच टेस्ट सांगत नाही: नमुना मुळात कुठून आणला. गणेशोत्सवात दांडिया बाजारच्या मांडवात उभं राहून बडोद्यात मराठी बोलणारे किती टक्के हे काढायला गेलीस, तर हजार माणसं विचारून येणारं उत्तर शंभर माणसं विचारून येणाऱ्या उत्तराइतकंच चुकीचं असेल. फक्त स्टँडर्ड एरर लहान दिसेल, म्हणजे चूक जास्त ठामपणे सांगितली जाईल. आपले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजात हीच जागा पकडली होती. शेतात अगदी छोटा तुकडा आखून तेवढंच पीक कापून मोजलं तर अंदाज वर जातो, कारण तुकडा लहान असला की त्याच्या मानाने काठ फार, आणि काठावरची रोपं कापणाऱ्याच्या हातून आत धरली जातात. असे छोटे तुकडे कितीही वाढवले तरी ती चूक जात नाही, एकाच बाजूला साचत राहते. थियरीच्या प्रश्नात ‘सॅम्पलिंग एरर आणि बायस यांतला फरक’ आला की हे उदाहरण लिही, गाइडात ते नसतं.

कोरिलेशनवर, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती वरखाली होतात त्यावर, तुला फार सांगायची गरज नाही, ते युनिट सोपं जातं. इतकंच लक्षात ठेव की उंधियूची विक्री आणि मांज्याने बोटं कापून घेणाऱ्यांची संख्या आपल्याकडे एकदमच वर जातात. उंधियूने बोट कापत नाही, दोन्हींच्या मागे उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा सण, असतं. तसंच कोरिलेशनचा आकडा काढण्याआधी ठिपक्यांचा आलेख काढायचा. कारण तो आकडा फक्त सरळ रेषेतलं नातं मोजतो. भीती थोडी असली तर पेपर चांगला जातो, फार झाली की बिघडतो. असं वाकलेलं नातं कितीही पक्कं असलं तरी आकडा शून्याजवळ येऊ शकतो.

आता तुझे तीन पर्याय.

सूत्रं पाठ: थोडी लागतीलच, कागद मिळणार नसेल तर. पण वर सांगितलेला सांगाडा डोक्यात असला की पाठ करायचं ते खालच्या भागापुरतं उरतं. फासा टाकून झाल्याशिवाय पाठांतराला बसू नकोस.

क्लास: लावण्याआधी एक दिवस बसून बघ. मास्तर फळ्यावर गणित सोडवतात आणि मुलं उतरवून घेतात, एवढंच असेल तर पैसे वाया, कारण तुला येणारा भागच ते पुन्हा शिकवतील. ‘इथे ही टेस्ट का, ती का नाही’ असं मुलांना विचारणारा कोणी भेटला तर जरूर लाव. नाहीतर वर्गातली एक मैत्रीण गाठ आणि पी-व्हॅल्यू तिला मराठीत समजावून दे. गुजरातीतही चालेल. वर्गातले इंग्रजी शब्द जसेच्या तसे वापर, पण वाक्य आपलं असू दे. कुठे ततपप होतं तिथे तुझं कच्चं आहे, आणि ते लगेच कळतं.

पेपर सोडणं: हे सगळ्यात जास्त परिस्थितीवर अवलंबून आहे. बाकीच्या विषयांचं ओझं, घरची अडचण, तब्येत यांपैकी काही असेल तर सोडण्यात कमीपणा नाही. ते मात्र ऑफिसात विचारूनच ठरव, नियम दरवर्षी सारखे असतीलच असं नाही. पण कारण फक्त ‘समजत नाही’ एवढंच असेल तर सोडू नकोस. तुझा विषय मानसशास्त्र आहे, पुढच्या वर्षांत प्रयोग, प्रश्नावल्या, रिसर्च मेथड सगळीकडे हेच परत भेटेल, आणि तेव्हा वेळ आणखी कमी असेल. इंटर्नलचे अकरा हे शिकवण्याच्या मध्यावरचे आहेत, त्यावरून अख्ख्या सेमिस्टरचा अंदाज बांधणं म्हणजे एकाच दानावरून फासा खोटा ठरवणं झालं.

वेळेचं म्हणशील तर पहिला आठवडा फासा आणि ती वही, दुसरं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात जुने पेपर, फक्त टेस्टची नावं. मग गणितं, प्रत्येक टेस्टची दोन-तीन, शेवटी निष्कर्षाचं पूर्ण वाक्य लिहून. ‘नल हायपोथेसिस रिजेक्टेड’ एवढ्यावर थांबायचं नाही. ‘पाच टक्के पातळीवर असं दिसतं की युक्ती शिकल्यावर मुलांना सरासरीने जास्त शब्द आठवले’ असं लिहायचं. ज्यांना गणितातला एखादा आकडा चुकल्याची भीती असते, त्यांचे मार्क हेच वाक्य वाचवतं.

आणि उद्या कॉलेजात गेलीस की तुमच्या सरांना किंवा बाईंना तीन गोष्टी विचार: सूत्रांचा कागद मिळणार का, टेबल मिळणार ते कुठलं, आणि इंटर्नलचा पेपर बघायला मिळेल का. तिसरी विचारायला मुलं लाजतात. तू विचार, आणि एकोणीस मार्क कोणत्या प्रश्नांत गेले ते इथे खाली लिही, मग पुढचं नेमकं सांगता येईल.